"मी जाडच आहे" : खाण्याचे विकार आणि स्वतःकडे बघायची नजर

साकव | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

गणपतीला अवकाश आहे, म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. चाकरमानी घरी उतरले की पाणी प्यायच्या आधी अंगावरून बोलणं सुरू होतं. "किती सुकलंस गो!" नाहीतर "सुटलीस हां जरा!" बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण घरात एनोरेक्सिया (खाणं तोडत जाऊन वजन घसरणं), बुलिमिया (अनावर खाऊन मग उलटी वगैरे करून ते काढून टाकणं) किंवा बिंज ईटिंगचं (नुसतं अनावर खाण्याचं) दुखणं असलेलं कुणी असेल, तर ते एक वाक्य पुढचे चार दिवस त्या माणसाच्या ताटासमोर ठाण मांडून बसतं.

आधी नियम. इथे कुणाचं वजन, कॅलरी, कोण किती दिवस काय खात नव्हतं, असले आकडे लिहू नका. वाचणाऱ्यांत आजारी माणूसही असतो आणि असे आकडे त्याला पैज लावल्यासारखे वाटतात. बाकीचे आकडे खुशाल लिहा.

आता मुद्दा. घरचे सांगतात, "तिला आरशात जाड दिसतं." हे अर्धंच खरं आहे. डोळ्यांत बिघाड नसतो. शेजारणीच्या अंगाचा अंदाज हीच मुलगी बरोबर सांगते, चुकतो तो स्वतःचा. २०१३ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एनोरेक्सिया असलेल्या स्त्रियांना वेगवेगळ्या रुंदीच्या फटींतून चालायला लावलं आणि त्यांचं लक्ष दुसऱ्याच कामात गुंतवून ठेवलं. जिथून त्या सरळ सहज गेल्या असत्या, तिथेही त्या खांदे तिरके करून गेल्या. म्हणजे "मी जाड आहे" हा नुसता डोक्यातला विचार नाही. आपण केवढे आहोत याचा जो नकाशा अंग आतल्या आत बाळगून असतं, तोच मोठा छापला गेलेला असतो. म्हणून "बघ ना, हाडं दिसतायत" या वादात घरचे कधीच जिंकत नाहीत. तुम्ही डोळ्यांना पुरावा देता आणि चूक असते नकाशात.

दुसरी गोष्ट मोलाची. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी जी उपचारपद्धत बसवली, तिचा गाभाच हा आहे: माणूस स्वतःची किंमत जवळजवळ सगळी वजन, आकार आणि खाण्यावरचा ताबा यांवरच ठरवायला लागतो. एका मेढीवर, म्हणजे एकाच खांबावर, अख्खा माटव. आणि हे कुठल्याही वजनाच्या माणसात होतं. बुलिमियाची मुलगी दिसायला चारचौघींसारखीच असते, म्हणून वर्षानुवर्षं घरात पत्ता लागत नाही.

तिरफळ | ३ ऑगस्ट, रात्री १०:२५

आहाराच्या बाजूने भर घालते. नजर बिघडते म्हणून खाणं सुटतं असं आपण समजतो. उलटंही तितकंच खरं आहे: खाणं सुटलं की नजर बिघडते. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना आधी कसलाच विकार नव्हता. तरी ते पाककृती जमवायला लागले, एकेक जेवण तासन् तास पुरवायला लागले, चिडचिडे झाले, माणसांपासून तुटले. परत जेवायला लागल्यावर त्यांच्यातल्या काहींना आपलं पोट नि बसायची जागा जाड झाल्यासारखी वाटत होती. हे उपाशी मेंदूचं काम आहे, स्वभावाचं नाही.

पोटाचं गणित वेगळंच. बरेच दिवस कमी खाल्लं की जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो. साधी अर्धी भाकरीसुद्धा तासन् तास पोटात बसल्यासारखी वाटते, पोट फुगतं, आणि मनात त्याचं भाषांतर "जाड झाले" असं होतं. खरं कारण आहे सुस्तावलेलं जठर, आणि ते नेमाने खाल्ल्यानेच, काही आठवड्यांत, ताळ्यावर येतं.

अजून एक, आणि हे आधी सांगितलं नाही तर उपचार इथेच फिसकटतो. वजन परत येताना पहिल्यांदा पोटाकडे, कमरेकडे जास्त बसतं, हातपाय मागाहून भरतात. सुरुवातीला पायांवर, डोळ्यांखाली सूजही येऊ शकते. वजन टिकवून धरलं तर साधारण वर्षभरात ही वाटणी सारखी होते. मुलीला हे आधीच माहीत असेल तर ती म्हणते "सांगितलं होतं तसंच होतंय". माहीत नसेल तर म्हणते "बघा, मी म्हणत नव्हते!"

खाजणातला_बगळा | ४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

नकाशा, मेढी वगैरे नंतर. आधी खालचं बघा आणि यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर: बसल्या जागी नाडी ५० च्या खाली, उभं राहताना भोवळ, छातीत धडधड, उकिडवं बसल्यावर हाताचा टेकू न घेता उठता न येणं, उलटीत रक्त, किंवा जगायला नको अशी भाषा. ईसीजी आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम करून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नाही, शरीर शेवटपर्यंत आकडे सांभाळून धरतं.

फार दिवस जवळजवळ उपाशी असलेल्याला घरच्या घरी एकदम भरपेट वाढू नका. अन्न मिळालं की पेशी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम ओढून घेतात, ते घसरतं आणि हृदय दगा देतं. पहिल्या आठवडा-दीड आठवड्याचा धोका मोठा. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं, सोबत थायमिन (बी-१ जीवनसत्त्व).

मिरगाचा_पाऊस | ४ ऑगस्ट, सकाळी ११:३०

एक शंका. मग घरातले आरसे काढून टाकावेत का? कपाटाच्या आरशासमोर तासभर उभं राहण्यापेक्षा ते बरं ना?

साकव | ४ ऑगस्ट, दुपारी २:१५

@मिरगाचा_पाऊस, सगळे काढू नका. तासभर बघणं आणि अजिबात न बघणं ही एकाच दुखण्याची दोन टोकं. अजिबात बघितलं नाही की मन स्वतःचं चित्र रंगवतं आणि ते नेहमी वाईटच रंगतं. आंघोळ अंधारात करणं, फोटोत मागे लपणं, मे महिन्याच्या घामातही वरून शर्ट चढवणं, ही टाळाटाळच.

तपासणीचं उलटं. बांगडी वर सरकवून बघणं, पोटाची घडी चिमटीत धरणं, प्रत्येक काचेत, गाडीच्या खिडकीत स्वतःला बघून घेणं. सारवलेल्या खळ्यात एकच पोपडा उडालेला असेल आणि त्याच्याकडेच दहा मिनिटं बघत बसलात, तर अख्खं खळं उखणलेलं वाटतं. नजर जिथे रोवाल ते मोठं होतं. शिवाय बसल्यावर पोटाला घडी कुणाच्या पडत नाही? ती चरबी नव्हे, कातडी वाकते.

घरात करण्यासारखं एवढंच: झोपायच्या खोलीतला अंगभर आरसा पडवीत किंवा माजघरात, येण्याजाण्याच्या वाटेवर हलवा. आरसा लागतो तो केस विंचरायला, कपडे नीट आहेत का बघायला, तेवढाच वेळ. आणि दिवसभरात किती वेळा तपासलं याची दोनच दिवस वहीत रेघोट्या मारून मोजणी करा. बहुतेकांना स्वतःलाच पत्ता नसतो, आकडा बघून दचकतात. मग एकेक तपासणी निवडून आधी ती बंद करायची, सगळ्या एकदम नाही.

आरशासमोरचा जो खरा उपचार आहे तो थेरपिस्टबरोबर. साधे कपडे, तीन-चार फुटांवर अंगभर आरसा, डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने, प्रत्येक अवयवाला सारखा वेळ, आणि वर्णनात विशेषण नको. "घाणेरड्या मांड्या" नाही. "मांडी, गव्हाळ, गुडघ्यावर लहानपणी पडल्याचा वण." मध्येच सुटका करून पळायचं नाही, अस्वस्थता उतरेपर्यंत उभं राहायचं. युट्यूब बघून घरी हे करू नका. मेंदू उपाशी असताना तर नकोच, तेव्हा ते उलटतं.

कातळावरची_वाट | ४ ऑगस्ट, सायंकाळी ६:५०

स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे मुंबई-पुण्याकडचं फॅड वाटतं. आमच्याकडे पेज-भाजी खाऊन माणसं शेतात राबली, कुणाला आरसा बघायला वेळ नव्हता.

साकव | ४ ऑगस्ट, रात्री ९:००

राग कसला. पण दोन दाखले बघा.

फिजी बेटांवर भरलेलं अंग म्हणजे घर चांगलं चाललंय अशी समजूत होती, कुणी वाळलं तर माणसं काळजीने विचारायची. अगदी आपल्यासारखीच. नाड्रोगा भागात १९९५ ला टीव्ही आला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ ला शाळकरी मुलींना प्रश्न विचारले, तर तीन वर्षांत खाण्याच्या विकाराची लक्षणं वाढलेली, आणि मुली बोलून दाखवत होत्या की टीव्हीतल्या बायकांसारखं व्हायचंय. तो नुसता टीव्ही होता. आता प्रत्येक पडवीत रील आहेत, आणि फिल्टर लावलेला चेहरा लोक स्वतःचा खरा चेहरा समजायला लागलेत.

दुसरा दाखला जास्त महत्त्वाचा. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये मांडलं की त्यांच्या एनोरेक्सियाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकजणी "जाड होईन" असं म्हणतच नव्हत्या. त्या म्हणायच्या पोट भरलंय, भूक नाही. १८७० च्या दशकात लंडनच्या विल्यम गल यांनी या आजाराला नाव दिलं, तेव्हा त्यांच्या वर्णनातही जाडीची भीती नव्हती. आपल्याकडच्या मुली काय सांगतात? "पित्त झालंय." "पोटात जागाच नाही." "वासानेच मळमळतं." मग पित्ताच्या गोळ्या, सोनोग्राफी, नंतर दृष्ट काढणं, आणि वर्ष जातं. आरशाचा विषय निघाला नाही म्हणून हा विकार नाही असं होत नाही. सोनोग्राफीत काही नसेल, वजन घसरत असेल, पाळी थांबली असेल आणि ती घरच्या सगळ्यांना आग्रहाने वाढून स्वतः मात्र "मी मागाहून जेवते" म्हणत असेल, तर हे दार ठोठावून बघाच.

माडबन | ५ ऑगस्ट, सकाळी ८:२०

शाळांत समुपदेशनासाठी हे वापरतो, सोपं आहे. वीस चिंचोके घ्या. काजूबिया घेऊ नका. खाण्याची वस्तू हातात आली की डोक्यात हिशेब सुरू होतो, आणि मुलगी मनाने तिथून निघून जाते.

"आपण चांगले की वाईट, हे तू कशाकशावरून ठरवतेस?" असं विचारायचं आणि प्रत्येकासाठी एक ढीग. मैत्रिणी, अभ्यास, भजनातली पेटी, भाऊ-बहीण, पोहणं, चित्रं. काय बरोबर आणि काय चूक हे सांगायचं नाही. पहिल्या खेपेला वीसपैकी चौदा-पंधरा चिंचोके वजनाच्या ढिगात पडले तरी चेहऱ्यावर काही दाखवू नका. फक्त विचारा: "गेल्या वर्षी दिवाळीत हे ढीग कसे होते?" बहुतेकदा ती स्वतःच हलवून दाखवते, आणि पेटीचा ढीग कुठे गेला ते तिचं तिलाच दिसतं.

लोक चुकतात ते पुढच्या पायरीवर. मोठा ढीग हाताने कमी करायला जातात, "वजन म्हणजे काही सगळं नाही" वगैरे. त्याने तो कमी होत नाही. दुसरे ढीग वाढवायचे. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, एक जुनी गोष्ट परत सुरू, मन नसलं तरी. दर चार आठवड्यांनी चिंचोके पुन्हा मांडायचे आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवायचे.

मिरगाचा_पाऊस | ५ ऑगस्ट, सकाळी १०:१०

"मला जाड वाटतंय" असं दिवसातून दहा वेळा ऐकू आलं तर घरच्यांनी काय म्हणावं? "नाहीस गं" म्हटलं की भांडण, गप्प बसलं की "म्हणजे आहेच ना".

साकव | ५ ऑगस्ट, दुपारी १:३०

होय-नाही दोन्ही टाळा. "आत्ता? मगाशी वाटत नव्हतं?" असं विचारा. वजन तासाभरात बदलत नाही, पण जाड वाटणं तासातासाला बदलतं. म्हणजे ते दुसऱ्या कशाचं तरी नाव आहे. वहीत तीन रकाने: वेळ, काय चाललं होतं, अंगाला काय वाटत होतं. आठवडाभराने बघितलं की आपल्या किनाऱ्यावर एक गोष्ट हमखास सापडते: दमट हवा. घामाने कपडे अंगाला चिकटले की अंगाची जाणीव सतत राहते आणि तिलाच जाडी म्हटलं जातं. बाकीच्या नोंदी म्हणजे पाळीच्या आधीचे दिवस, जेवणानंतरचा अर्धा तास, कंटाळा, आणि कुणाशी तरी वाजलेलं. चिकटणाऱ्या कपड्याला सुती सैल कपडा हा इलाज आहे. वाजलेल्याला समोरासमोर बोलणं. जेवण कमी करणं यातल्या कशालाच लागू पडत नाही.

खाजणातला_बगळा | ५ ऑगस्ट, दुपारी ३:००

वजनकाटा घराबाहेर. वजन आठवड्यातून एकदा, उपचार करणाऱ्यासमोर, त्याच काट्यावर. एका आकड्यावरून काही ठरवायचं नाही, सलग चार बघायचे. आदल्या रात्री खारा बांगडा नि सुकटीची चटणी खाल्ली तर मिठाने अंगात पाणी धरतं, सकाळी काटा वर. शौचाला झाली नाही तरी वर. पाळीच्या आधीही वर. त्यात चरबीचा संबंध नाही.

आणि मुलगे विसरू नका. व्यायामशाळेत जाणाऱ्या पोराला उलटा रोग होतो: भरलेले दंड असून "मी काटकुळाच" वाटणं, घरचं जेवण टाकून नुसती पावडर नि अंड्यांचा पांढरा भाग, दुखापतीतही व्यायाम न सोडणं. घरचे कौतुक करतात, म्हणून उशिरा येतात.

तिरफळ | ५ ऑगस्ट, रात्री ९:४५

ताटाकडे येते. तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नको. बुलिमिया आणि बिंजमध्येसुद्धा हेच, कारण रात्री अनावर खाणं हे बहुतेकदा दिवसा भूक मारल्याचं फळ असतं. "रात्री जास्त झालं म्हणून सकाळी काही नको" या एका वाक्याने चक्र पुन्हा सुरू होतं. सकाळचा घावणा नेहमीच्या वेळेला झालाच पाहिजे.

पेजेबद्दल. आजारी माणूस म्हटला की आपला हात उकड्या तांदळाच्या पेजेकडे जातो. पेज वाईट नाही, पण तिने पाण्यानेच पोट भरतं आणि अंगी कमी लागतं. द्यायचीच तर तूप, मेतकूट, वर खोबरं, बाजूला तळलेला मासा किंवा अंडं. नुसती सोलकढी म्हणजे जेवण नव्हे.

किशोरवयीन मुलांत सुरुवातीचे काही आठवडे ताट मोठ्यांनी वाढायचं, निवड तिच्यावर टाकायची नाही. एक मोठं माणूस शेवटपर्यंत सोबत बसतं आणि तेच जेवतं. जेवणाला अर्धा तास, मधल्या खाण्याला पाव तास. ताटावर अन्नाची चर्चा नाही, तेल किती घातलं याचं उत्तर नाही. "डॉक्टरांनी ठरवलंय, हे तुझं औषध आहे" एवढंच, शंभर वेळा तेच, आवाज न चढवता. जेवणानंतर तासभर एकटं सोडायचं नाही: पत्ते, वेणी घालणं, अंगणात गप्पा. दोघा पालकांनी वेगळं बोलायचं नाही. आजीने मागच्या दाराने "राहू दे गो, नको तर नको" म्हटलं की दहा दिवसांचं काम पाण्यात.

उपास. श्रावण सुरू झाला की या विकाराला धर्माचं पांघरूण मिळतं. सोमवार, संकष्टी, एकादशी, मग "शनिवार पण धरते". आजारी, बाळंतीण आणि लहान मुलं यांना उपासातून सूट ही घराघरांतली जुनीच रीत आहे, नवीन काही सांगत नाही. नैवेद्य दाखवणं, जप, फुलं काढणं तिच्याकडे द्या, उपास घरातलं दुसरं कुणीतरी धरेल.

गणपतीत पंगतीचा आग्रह आणि अंगावरची टिप्पणी, दोन्ही एकाच वेळी येतात. चाकरमान्यांना आधीच फोन करा आणि नेमकं सांगा, मोघम नको: "अंगावरून, जेवणावरून काही बोलायचं नाही. बरी दिसतेस असंही नको." हे शेवटचं लोकांना कळत नाही. "आता कशी छान भरलीस!" हे तुमच्या दृष्टीने कौतुक, तिच्या कानाला "जाड झालीस". मोदक किती ते आदल्या दिवशी ठरलेलं, ताटात वाढूनच यायचं, पंगतीत वाढप्याला खूण करून ठेवा.

मिरगाचा_पाऊस | ६ ऑगस्ट, सकाळी ९:००

जायचं कुठे, तेही लिहा.

खाजणातला_बगळा | ६ ऑगस्ट, सकाळी ९:२०

टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलं. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, नावाला बिचकू नका, तिथे बाह्यरुग्ण तपासणीही होते. अलिबाग, रत्नागिरी, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी विचारा. सावंतवाडी, दोडामार्गकडच्यांना गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय जवळ पडतं. भोवळ, धडधड असेल तर १०८.

साकव | ६ ऑगस्ट, सकाळी ११:००

आणि किती काळ लागतो ते आधीच मनाशी धरून जा. फेअरबर्न यांच्या पद्धतीत वजन फारसं घसरलेलं नसेल तर साधारण २० बैठका, घसरलेलं असेल तर ४० च्या आसपास. वजन आधी येतं, जेवणाची शिस्त त्यानंतर, आणि नजर सगळ्यांत शेवटी. वजन ठीक झालं तरी "मी जाडच" महिनोन् महिने चालू राहतं. तेव्हा "आता काय झालंय तुला?" म्हणून उपचार थांबवले तर मधूनच होडी सोडल्यासारखं.

कातळावरची_वाट | ६ ऑगस्ट, दुपारी १२:४०

वाचलं सगळं. पित्ताचं पटलं. एक विचारतो, गणपतीचे कपडे शिवायचे असले की शिंप्याकडे माप द्यावं लागतं. तिथे काय करायचं?

माडबन | ६ ऑगस्ट, दुपारी १:१०

चांगला प्रश्न, टेपच सगळ्यांत जास्त बोचते. मापाला नेऊच नका. आता अंगाला बसतो असा सैल ड्रेस नमुना म्हणून द्या. जुना, बारीक होती तेव्हाचा देऊ नका. टेप लावावीच लागली तर शिंप्याला आधी बाजूला घेऊन सांगा की आकडे मोठ्याने पुकारू नका, पोराला सांगून लिहवू नका, स्वतः लिहा आणि चिठ्ठी तिच्या हातात नको. शिवणीत आत दोन बोटं कापड जादा ठेवायला सांगा, उसवून वाढवता येतं. आणि ते जुने, घट्ट झालेले कपडे ती शाळेत असताना कपाटातून काढून पोटमाळ्यावर टाका. "बसतो का बघू" म्हणून ते रोज सकाळी घालून बघणं हीसुद्धा तपासणीच.